गाय पुन्हा का उलटते? कांडीतल्या जिवाची गोष्ट



भोरहून वरंधा घाटाच्या रस्त्याला लागले, की नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला लहान लहान वाड्या आहेत. अशाच एका वाडीतली गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात चूक माझी आहे. वीसेक वर्षांपूर्वी त्या वाडीतल्या एका घरी दीड एकर भातखाचर आणि एक संकरित गाय होती. गाय तिसऱ्या वेताची, खाऊन-पिऊन चांगली. तिला तीन वेळा कृत्रिम रेतन केले आणि तिन्ही वेळा ती उलटली. मी तेव्हा त्या भागात भातबियाण्याच्या कामाला जात असे. घरधन्याने मला विचारले, "साहेब, काय करावे?" मी कृषी पदवीधर. जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी तोंडाला आले ते बोलून गेलो, "तीन कांड्या वाया गेल्या म्हणजे गाय वांझ झाली असणार. काढून टाका."

त्याने गाय बाजारात निम्म्या किमतीला काढली. पुढे चार-सहा महिन्यांनी कळले, की पलीकडच्या गावात ज्याने ती नेली त्याच्याकडे ती पहिल्याच रेतनाला गाभण राहिली. गाय तीच, तंत्रज्ञही तोच. त्या घरातल्या आजी मला नंतर भेटल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागले. त्या म्हणाल्या, "गाय सांजच्याला रानातनं येताना हंबरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीबरोबर निरोप जायचा. डॉक्टर यायचे तिसऱ्या दिवशी सकाळी. आम्हाला वाटायचं, कांडी पडली की झालं."

कांडी पडली की झालं, असे मलाही वाटत होते. त्या कांडीत काय असते, ते गायीच्या पोटात गेल्यावर काय करते आणि किती वेळ जगते, हे मी त्यानंतर समजून घेतले. ते आज आपल्याला सांगावयाचे आहे. विषय जरा खोल आहे, पण नत्र, स्फुरद, पालाश आणि मातीचा सामू ज्यांना कळतो त्यांना तो अवघड जाऊ नये.

कांडी आली कोठून

आपल्या पुणे जिल्ह्याला या कामात दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. उरुळी कांचनला १९४६ साली महात्मा गांधींबरोबर मणिभाई देसाई आले आणि तेथेच राहिले. निसर्गोपचार आश्रम सांभाळता सांभाळता त्यांनी गीर गायी पाळल्या, आणि १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली. परदेशातील जातिवंत वळूंचे गोठीत रेत आणून आपल्या गायींशी संकर करावयाचा आणि रेतन शेतकऱ्याच्या दारात जाऊन करावयाचे, ही त्यांची पद्धत. गाय दवाखान्यापर्यंत हाकत न्यायची तर तिचा माज वाटेतच सरतो, हे त्यांनी ओळखले होते. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९९३ साली ते गेले. आज आपल्या गोठ्यात जी जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची गाय उभी असते, तिच्या मागे अशा कामाचा मोठा वाटा आहे.

पण रेत गोठवता येते, हे कळले कसे? त्याची हकीगत गमतीची आहे. १९४९ च्या सुमारास लंडनजवळच्या मिल हिल येथे क्रिस्टोफर पोल्ज नावाचा तरुण संशोधक कोंबड्याचे रेत गोठवण्याची खटपट करीत होता. साखरेचे एक द्रावण वापरून काही जमत नव्हते. थंड कोठीतली एक जुनी बाटली काढून पुन्हा प्रयत्न केला, तर वितळल्यावर शुक्रजंतू चक्क पोहू लागले. दुसरी बाटली केली, तर पुन्हा अपयश. शेवटी त्या पहिल्या बाटलीत उरलेला थेंबभर मजकूर तपासला, तेव्हा कळले, की चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि बाटलीत साखर नव्हतीच. त्यात होते ग्लिसरीन! हिवाळ्यात ओठ फुटले की आपण लावतो तेच. पाणी गोठताना त्याचे जे सुईसारखे स्फटिक होतात, त्यांपासून ग्लिसरीन पेशीला वाचवते. त्याआधी, १९४० च्या आसपास, अमेरिकेत विस्कॉन्सिनला असे दिसले होते, की अंड्याचा पिवळा बलक मिसळला तर थंडीचा पहिला तडाखा शुक्रजंतू सोसतात. म्हणजे आपल्या गायीला जी कांडी भरतात, तिच्या घडणीत अंड्याचा बलक आणि ग्लिसरीन या दोन घरगुती वस्तूंचा हात आहे.

आपल्याकडे वापरात असलेली कांडी पाव मिलिलिटरची. तिच्यात साधारण २ कोटी शुक्रजंतू भरतात आणि ती द्रवरूप नत्रात, शून्याखाली १९६ अंश तापमानात ठेवतात. हा नत्र म्हणजे युरियातल्या नत्राचाच सख्खा भाऊ, फक्त हवेतून काढून थंड करून पातळ केलेला. वितळवल्यानंतर त्यांतले निम्म्याच्या आसपास शुक्रजंतू पोहत असले, की कांडी चांगली समजतात. उरलेले निम्मे वाटेतच खर्ची पडतात, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

शेपटी कोण हलवतो?

शुक्रजंतू हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. डोके, मान आणि लांब शेपटी. वळूच्या वृषणात तो तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. पण गंमत अशी, की वृषणातून बाहेर पडतो तेव्हा त्याला पोहताच येत नाही. शेपटी पूर्ण तयार, आतली यंत्रणा जागच्या जागी, आणि तरीही तो मेल्यासारखा पडून. वृषणाला लागून एक लांबच लांब, गुंडाळलेली नळी असते. तिच्यातून आठ-दहा दिवस पुढे सरकत गेल्यावर मग त्याच्या अंगी पोहण्याची ताकद येते.

हे कोडे शास्त्रज्ञांना फार दिवस छळत होते. नव्या अवयवाची भर तर पडत नाही, मग बदलते काय? उत्तर विकरांत आहे. विकर म्हणजे एन्झाइम. दुधाचे चीज करताना घालतात ते रेनेट हा विकर. आपल्या लाळेतला, भाकरी चावता चावता तिला गोड करणारा, तोही विकर. शुक्रजंतूच्या अंगात दोन प्रकारचे विकर एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. एक जण प्रथिनांवर स्फुरदाचा कण चिकटवतो, दुसरा तो कण काढून टाकतो. होय, स्फुरद! तुमच्या डीएपीच्या पोत्यातला. शेपटीतल्या ठराविक प्रथिनांवर स्फुरद चिकटलेला राहिला, तर शेपटी हलते. काढून टाकला, तर थांबते. दिव्याची कळ वर-खाली करावी तसे.

वृषणातून नुकत्याच निघालेल्या शुक्रजंतूत स्फुरद काढणारा विकर जोरात असतो. चिकटवणाऱ्याने कितीही चिकटवले तरी हा पाठोपाठ खरवडून काढतो. नळीच्या शेवटच्या टोकापर्यंत येईतो त्याचा जोर ओसरतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केंट येथील विद्यापीठात श्रीनिवासन विजयराघवन या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वळूच्याच शुक्रजंतूंवर दाखवले; त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९९६ सालचा आहे. त्यांनी असे पाहिले, की निपचित पडलेल्या कोवळ्या शुक्रजंतूंमध्ये हा स्फुरद काढणारा विकर औषध घालून बंद पाडला, तर ते शेपटी हलवू लागतात. त्याच्या जोडीला आणखी एक विकर असतो, तोही न पोहणाऱ्या शुक्रजंतूत पोहणाऱ्यापेक्षा सहापटीने जास्त जोरात असतो, असे त्यांना आढळले. बैल आपला, कोडे जगाचे, आणि उत्तर शोधणारा माणूस भारतीय नावाचा, हे वाचून मला बरे वाटले होते, हे कबूल करतो.

मग टोकाशी साठवलेले शुक्रजंतू सतत पोहत राहून दमत का नाहीत? तर तेथील रस आम्लधर्मी असतो, सामू सहाच्या खाली. आपल्याकडच्या डोंगरउताराच्या तांबड मातीत चुना घातल्याशिवाय काही पिके उठत नाहीत, तसेच आम्लात हा जीव सुस्त राहतो आणि आपली शिदोरी राखतो. वळू उडी मारतो त्या क्षणी इतर ग्रंथींचे रस मिसळतात, सामू सातच्या जवळ जातो आणि लक्षावधी शेपट्या एकदम हलू लागतात.

गायीच्या पोटातला प्रवास

आता येथून पुढचा भाग मन लावून वाचा, कारण आपले नुकसान येथेच होते.

पोहता आले म्हणजे गर्भ राहतो, असे नाही. १९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन या दोघांनी, एकमेकांना न सांगता, एकच गोष्ट दाखवली. ताजे शुक्रजंतू स्त्रीबीजाजवळ नेऊन ठेवले तरी ते बीजात शिरू शकत नाहीत. मादीच्या गर्भमार्गात काही तास काढल्यावरच त्यांच्या अंगी ती पात्रता येते. जणू भाताचे रोप. बी टाकले आणि लगेच लावणी केली, असे होत नाही. तरव्यात काही दिवस काढावेच लागतात.

या काही तासांत काय होते? गायीच्या गर्भनलिकेतल्या रसात सोडा असतो. बायकांनी भज्यांच्या पिठात चिमूटभर घालावा तो खाण्याचा सोडा ज्या जातीचा, त्याच जातीचा. तो शुक्रजंतूत शिरला, की एक विकर जागा होतो. हा विकर एक छोटा निरोप्या तयार करतो. निरोप्या जातो स्फुरद चिकटवणाऱ्या विकराकडे आणि म्हणतो, कामाला लाग. एका पाठोपाठ एक प्रथिनांवर स्फुरद बसत जातो. इकडे शुक्रजंतूच्या कातडीतला स्निग्ध भाग, कोलेस्टेरॉल, गळून जातो आणि कातडी पातळ, सैल होते. मग शेपटीवरचे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, दरवाजे उघडतात.

भाटघरचे स्वयंचलित दरवाजे आपण पाहिलेले आहेत. पाणी ठराविक पातळीला चढले, की कोणी हात न लावता ते उघडतात आणि वेळवंडीचे पाणी धो धो नीरेत जाते. तसेच हे. कॅल्शियम आत घुसले, की शेपटीचे साधे वळवळणे संपते आणि ती आसुडासारखी फटकारे मारू लागते. तोवर शुक्रजंतू गर्भनलिकेच्या भिंतीला चिकटून विसावलेला असतो. या फटकाऱ्याने तो सुटतो आणि बीजाकडे झेपावतो. डोक्यावरच्या टोपीत बीजाचे कवच विरघळवणारे आणखी विकर असतात, ते ऐन वेळी बाहेर पडतात.

एवढ्यासाठी हा सगळा विस्तार केला, की शुक्रजंतूला नवे प्रथिन जवळजवळ बनवता येत नाही. निघताना बांधून दिलेली भाकरी, तेवढीच. त्याला जे करायचे ते या कळा वर-खाली करून. आणि एकदा दरवाजा उघडून फटकारे सुरू झाले, की शिदोरी भराभर संपते. पात्र झालेला शुक्रजंतू फार वेळ जगत नाही. भिंतीला चिकटून शांत बसलेला जास्त जगतो. निसर्गाने सगळ्यांना एकदम जागे न करता टप्प्याटप्प्याने जागे करण्याची सोय ठेवली आहे, ती यासाठीच.

गोठीत रेतात हीच सोय बिघडते. थंडीने आणि पुन्हा उबेने शुक्रजंतूची कातडी सैल होते, कॅल्शियम थोडे थोडे आत झिरपते, कळा वेळेआधीच वर जातात. जो बदल गायीच्या पोटात व्हावयाचा तो कांडीतच अर्धा झालेला असतो. म्हणून ताज्या रेतातला शुक्रजंतू दीड-दोन दिवस तग धरू शकतो, तर गोठीत रेतातला जेमतेम एक दिवस, पुष्कळदा त्याहून कमी. त्यात निम्मे आधीच गळालेले. हातात वेळ तेवढाच.

आता हिशोब करू

गायीचा माज साधारण १२ ते १८ तास राहतो. माज संपल्यावर १० ते १२ तासांनी बीज सुटते. म्हणजे माज सुरू झाल्यापासून एक दिवस उलटून गेल्यावर. सुटलेले बीज आठ-दहा तास चांगले राहते. शुक्रजंतूला पोहोचायला आणि पात्र व्हायला काही तास लागतात. हे सगळे जुळवले तर काय निघते? गाय सकाळी माजावर दिसली, तर त्याच दिवशी संध्याकाळी भरावी. संध्याकाळी दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम १९४० च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्का येथे ट्रिंबर्गर यांनी गायींवर प्रत्यक्ष पाहून बसवला. विकरांची ही कहाणी तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. आता ती कळल्यावर नियम बरोबर का, ते कळते.

हिर्डोशीकडच्या त्या घरी काय झाले असेल, ते आता सांगता येईल. गाय कदाचित दुपारीच रानात माजावर आली असेल. संध्याकाळी दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी कांडी पडली, तोवर बीज सुटून, शिळे होऊन गेले होते. ताजे शुक्रजंतू आणि मेलेले बीज. तीन वेळा तेच, एकवीस-एकवीस दिवसांनी. दोन महिने गेले, आणि मग मी सल्ला दिला.

हल्ली उलटी चूक होते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. गाय पहिल्यांदा हंबरली, की फोन; तासाभरात मोटारसायकल दारात, आणि लगेच कांडी. तंत्रज्ञालाही दहा गावे फिरायची असतात, तो काय म्हणून थांबेल? मग बीज सुटेपर्यंत शुक्रजंतूंची शिदोरी संपलेली असते. तेव्हा फोन लवकर करा, पण माज कधी दिसला ती वेळ सांगा आणि रेतन कधी करायचे ते ठरवून घ्या. नुसते हंबरणे पुरेसे नाही. दुसरे जनावर अंगावर चढले आणि गाय हलली नाही, उभी राहिली, तो खरा माज. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट ही दुसरी खूण. सोट पांढरा, गढूळ किंवा पुवासारखा असेल, तर कांडी भरून उपयोग नाही. आधी पशुवैद्यकांना दाखवा. म्हशीचा माज मुका असतो आणि रात्रीचा, पहाटेचा जास्त, म्हणून झोपण्यापूर्वी आणि पहाटे दूध काढण्याआधी गोठ्यात एक फेरी हवीच. माझा अनुभव असा, की हे काम घरातल्या बायाच नीट करतात. पुरुषमंडळी शिबिराला येतात आणि ऐकून जातात. गाय कधी उभी राहिली हे ठाऊक असते शेण काढणारीला. तेव्हा असल्या शिबिराला तिला पाठवा, असे मी पंचायतीत अनेकदा सांगितले आहे.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात वेल्ह्याकडे, पानशेतच्या वरच्या अंगाला ओढ्यांवरून पाणी जाते आणि तंत्रज्ञ पोहोचतच नाही. अशा वाडीने त्या माजाला कांडी भरायचा हट्ट धरून उशिरा भरण्यापेक्षा तो माज सोडलेला परवडतो. तारीख लिहून ठेवावी आणि एकवीस दिवसांनी आधीपासून तयारीत असावे. गावातला मोकाट वळू दाखवून वेळ मारून नेणे मात्र टाळा. गर्भपाताचे आणि गर्भाशयाचे रोग तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतो.

कांडी भरताना तुम्ही शेजारी उभे राहा. तंत्रज्ञ रागावणार नाही, चांगला असेल तर उलट समजावून सांगेल. कांडी नत्राच्या पिंपाच्या तोंडाशी वर धरून शोधाशोध करू नये, क्षणभरातच तिचे नुकसान होते. ३७ अंशांच्या कोमट पाण्यात साधारण अर्धा मिनिट बुडवून ती वितळवावयाची. तापमापक नसेल तर मनगटावर पाणी टाकून पाहा, गरमही लागू नये आणि गारही. खिशात, मुठीत, काखेत किंवा चहाच्या भांड्यात कांडी वितळवलेली मी पाहिली आहे. चहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. चहा-कॉफीतले कॅफिन त्या निरोप्याला मोडणाऱ्या विकराला अडवते, आणि प्रयोगशाळेत त्याने सुस्त शुक्रजंतू पोहू लागतात, हे खरे आहे. पण तो प्रयोगशाळेतला मोजून मापून केलेला खेळ. हे वाचून कोणी कांडीवर चहा ओतू नये! वितळलेली कांडी पुसून कोरडी करावी, उन्हात धरू नये आणि लगेच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत भरावी. तिकडे वितळवून इकडे गाय धरायला माणूस शोधत बसलो, की त्या कळा वर चढतच राहतात.

दोनदा नीट वेळ साधूनही गाय उलटली, तर मग तिच्या अंगात दोष शोधावा. खनिज मिश्रण मिळते का, गर्भाशयात सूज आहे का, बीज वेळेवर सुटते का, हे पशुवैद्यकाने हात घालून पाहावे. आणि उलटली नाही म्हणून गाभण धरून चालू नका. दोन-अडीच महिन्यांनी तपासून घ्या.

त्या वाडीतल्या घरी मी गेल्या दिवाळीनंतर गेलो होतो. आजी आता नाहीत. सूनबाईंनी नवी कालवड वाढवली आहे, पहिल्या वेताची. भिंतीवर कालनिर्णय टांगलेले, त्यावर तारखांना फुल्या आणि प्रत्येक फुलीखाली पेन्सिलीने 'स' किंवा 'सं' लिहिलेले, म्हणजे सकाळी दिसली की संध्याकाळी. शेवटच्या फुलीनंतर एकवीस दिवस झाले, बेचाळीस झाले, पुढे नुसतीच कोरी पाने. डॉक्टरांनी तपासून गाभण असल्याचे सांगितले आहे. वैशाखात व्यायची आहे. "पाडी झाली तर ठेवायची, साहेब," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.